ठेवणीतल्या करकोच्याची शेजारीण

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, आणि मला दुसऱ्या एका जुन्या सायकलीचा हेवा वाटतो. आपली कहाणी सांगायला निघालेल्या वस्तूने पहिल्याच वाक्यात असे बोलू नये, हे मला कळते. आधी जन्म सांगावा, मग कष्ट सांगावेत, मग थोडे डोळ्यांत पाणी आणावे, अशी रीत आहे. पण माझी अडचण जन्मापासूनच सुरू होते. मला कोणी घडवले, कुठे घडवले, हे आयुष्यातली बरीच वर्षे मला ठाऊकच नव्हते. आणि माझ्या शेजारी जी उभी होती, तिच्या तर कपाळावरच ते कोरलेले होते.

मला आठवते ते एकदम दुकानच. चार मजल्यांचे मोठे दुकान होते ते. तळाशी भांडी आणि साबण, त्यावर कपडे, त्यावर गाद्या, उशा आणि कपाटे, आणि सगळ्यात वर खेळणी, छत्र्या, बाबागाड्या आणि आम्ही सायकली. लोक त्या दुकानाला 'चारमजली' म्हणत. तिथल्या प्रत्येक वस्तूवर दुकानाचेच चित्र असे. साबणावर चार मजले, टॉवेलच्या कोपऱ्यात चार मजले, उशीच्या अभ्र्यावर चार मजले. माझ्या कपाळावर, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीवर, पितळेचा एक बिल्ला होता आणि त्यावरही चार मजलेच होते.

मी शेजारच्या बाबागाडीला विचारले, "तू कुठली गं?"

ती म्हणाली, "इथलीच."

छत्रीला विचारले, तर तीही इथलीच. मला पटेना. त्या मजल्यावर ना भट्टी होती, ना वेल्डिंगचा धूर. दुकान काही आम्हाला जन्म देत नव्हते. कुठून तरी आणत होते आणि आपले नाव लावून विकत होते. पण कुठून, हे विचारायचे कोणाला? विकणारा माणूस तर सकाळी उशा विकून दुपारी सायकली विकायला वर येत असे.

दुकानात जुना माल काढायचे दिवस होते, तेव्हा एक गृहस्थ आपल्या धाकट्या मुलीला घेऊन वर आले. ते छापखान्यात खिळे जुळवायचे काम करत. शिशाची एकेक अक्षरे उचलून ओळ लावायची, असे ते काम. त्यांच्या बोटांची टोके कायम काळी असत. त्यांनी माझे चाक फिरवून पाहिले, ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाले, "चांगली आहे की. हिरवा रंग आवडतो ना तुला?"

धाकटीने मान हलवली. तिला निळा आवडत होता, हे मला पुढे कळले. कारण निळी घरी उभी होती.

घराच्या मागे पत्र्याची शेड होती. मला तिथे उभे केले, मी बाजूला पाहिले, आणि मित्रांनो, माझ्या टायरमधली हवाच गेली. तिथे करकोचा छाप सायकल उभी होती. निळी, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, बसायला तपकिरी चामड्याची सीट. कपाळावर चकचकीत बिल्ला, आणि त्यावर एक पाय वर धरून उभा राहिलेला करकोचा. तिच्या दातेरी चाकाच्या पोटातसुद्धा करकोच्याचा आकार कापलेला होता. माझ्या दातेरी चाकाच्या पोटात नुसती गोल भोके होती. करकोच्याचा कारखाना कोणाला माहीत नाही? तिला सायकलींच्या खास दुकानातून आणले होते. त्या दुकानाला काचेचे दार होते, आणि आत फक्त सायकलीच विकत. तिथे साबण मिळत नसे.

ती होती थोरलीची. थोरली शाळेत पहिली आली म्हणून बाबांनी तिला करकोचा आणली. धाकटी कितवी आली हे कोणी विचारले नाही. पण ताईला सायकल मिळाली म्हणून ती जेवेना, तेव्हा मला आणले. म्हणजे करकोचा बक्षीस म्हणून आली होती आणि मी समजूत काढायला. आता सांगा, हेवा वाटणार नाही तर काय होईल?

शाळेच्या फाटकाशी सायकली लावायची जागा होती. तिथे पहिल्याच दिवशी धाकटीच्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "कुठल्या कंपनीची गं?"

"चारमजलीची," धाकटी म्हणाली.

"तिथे तर उशा मिळतात! म्हणजे ही उशांच्या कंपनीची सायकल?"

झाले. त्या दिवसापासून माझे नाव 'उशी' पडले. "उशी आली, उशी आली," म्हणून मुली हसत. धाकटी काही बोलत नसे. ती फक्त घरी येताना मला जोरात चालवत असे, इतकी जोरात की माझे मडगार्ड थरथरायचे. घरी येऊन ती मला करकोच्याशेजारी लावायची आणि माझ्या बिल्ल्यावर हात ठेवायची. लाडाने नव्हे. झाकायला.

करकोच्याचे काय वर्णन करू! सुट्टीच्या दिवशी सकाळी बाबा बाहेर येत, आपल्या जुन्या मऊ बनियनचा बोळा करत आणि तिला पुसत. आरे न् आरे पुसत. चेनला तेल, एक्सलला तेल, चामड्याला मेण. तिचे सगळे झाले की उरलेला काळा बोळा माझ्यावरून फिरवत. ती मात्र कधी बाहेर पडत नसे. थोरलीने तिच्या हँडलला हात लावला की बाबा म्हणत, "अगं, आज चिखल आहे, आज नको." दुसऱ्या दिवशी म्हणत, "ऊन बघ केवढं आहे, रंग उडेल." तिसऱ्या दिवशी म्हणत, "बाजारात नेऊ नकोस, कोणीतरी उचलून नेईल. रोजची घेऊन जा."

रोजची म्हणजे मी. करकोचा ठेवणीतली होती आणि मी रोजची. थोरली मात्र मला घेत नसे. ती बसने कॉलेजात जाई. बसची वाट पाहत दाराशी उभी असली की ती धाकटीकडे आणि माझ्याकडे टक लावून पाहायची. मला वाटायचे, आपली सायकल भारी म्हणून ती तोरा मिरवते आहे.

बाबांचा एक खेळ होता. तो मला आवडायचा, कारण त्यात करकोच्याचा काही संबंध नसे. संध्याकाळी ते मागच्या पायरीवर बसत आणि दोन्ही मुलींपुढे छापील कागद टाकत. कुठल्या सभेची पत्रके, कुठल्या दुकानाच्या जाहिराती, रस्त्यात मिळेल ते. ते सांगत, छापखान्यातला खिळा वापरून वापरून तुटतो. कोणाची मात्रा जाते, कोणाचा पाय झिजतो. आणि तुटका खिळा कागदावर दर वेळी तसाच तुटका उमटतो. म्हणून दोन कागदांवर एकच तुटकी खूण दिसली की समजायचे, दोन्ही एकाच छापखान्यातून निघाले.

"सांगा बघू," बाबा विचारत, "एकाच घरचे की नाही?"

दोघी डोकी जवळ आणून कागदांवर वाकत. मग एकदम ओरडत, "एकाच घरचे! हा बघा, शेपूट तुटलेला र!" तेव्हा कोण थोरली, कोण धाकटी, ते सांगता येत नसे.

पुढे थोरली शिकली, मोठ्या कचेरीत लागली, दुसऱ्या गावी गेली, तिथेच तिने संसार थाटला. जाताना ती शेडमध्ये आली आणि करकोच्याची घंटी एकदा वाजवून गेली. बाबांनी त्याच आठवड्यात करकोच्याची चामड्याची सीट काढली. "उंदीर चामडं कुरतडतील," म्हणाले. सीट फडक्यात गुंडाळून त्यांनी आतल्या कपाटात ठेवली, आपल्या लग्नाच्या कोटाशेजारी. करकोच्याच्या अंगावर प्लॅस्टिकचा मोठा कागद पांघरला आणि दोरीने बांधला. मला कधी टॉवेलसुद्धा पांघरला नाही कोणी.

त्या कागदाला पुढे भोके पडली. शेडच्या पत्र्यालाही वर एक भोक पडले. पाऊस आला की तिथून पाणी गळायचे, थेंब थेंब, नेमके करकोच्यावर. सीट काढल्यावर जी उभी नळी उरली होती ना, ती आ वासून उभी होती, आणि थेंब सरळ तिच्या आत जायचे. आतून बारीक आवाज यायचा. मला वाटायचे, बघा, पत्र्यातून गळणारे पाणीसुद्धा हिच्याच वाट्याला!

आता माझ्या कामाचे सांगते, कारण तिथे मला कोणाचा हेवा करायला वेळ नसे. धाकटी पडदे शिवू लागली. गळ्यात मोजपट्टी, कॅरिअरवर कापडाचे गठ्ठे, हँडलला पिशवी, पिशवीत कड्या, आकडे आणि हातोडी. पडद्यांच्या लांब दांड्या ती माझ्या अंगाला आडव्या बांधायची आणि पुढच्या टोकाला लाल चिंधी लावायची. रस्त्यात ओरडत जायची, "बाजूला व्हा रे, डोळा जाईल कोणाचा तरी!" दवाखाने, बँका, लग्नाची नवी घरे, शाळेचे सभागृह, सगळ्यांच्या खिडक्या आम्ही दोघींनी झाकल्या. कुठला चढ किती दमवतो आणि कुठल्या उतारावर ब्रेक आधीच धरायचा, हे मला पाठ झाले होते.

एकदा वळणावर वाळू होती. आम्ही दोघी सपशेल आडव्या झालो. धाकटी उठली. तिने आधी कापडाचा गठ्ठा मळला का ते पाहिले, मग माझे मडगार्ड चेपले का ते पाहिले, आणि शेवटी आपला गुडघा पाहिला. गुडघ्यातून रक्त येत होते. माझा नंबर दुसरा लागला. तिच्या स्वतःच्याही आधी. हे मला त्या वेळी कळले नाही. मी गठ्ठ्याचा हेवा करत बसले होते.

एका घरी पडदे लावून झाल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "आता एखादी स्कूटर घ्या की हो."

धाकटी म्हणाली, "कशाला? ही माझा उजवा हात आहे." एवढे एकच वाक्य. पण मी ते घरापर्यंत चघळत आले. शेडमध्ये शिरल्यावर करकोच्याला मुद्दाम सांगितले. ती प्लॅस्टिकखाली गप्प होती. मला वाटले, जळली.

दिवस गेले. बाबा गेले. मला विकणारे चारमजली बंद पडले, तिथे कोणाच्या तरी कचेऱ्या आल्या. करकोच्याचा कारखानाही बंद झाला. धाकटीचे केस पिकले, गुडघा कुरकुरू लागला. माझी सीट फाटली, तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधली गेली. तरी भाजी आणायला, दोरा आणायला आम्ही जातच होतो. हळूहळू, पण जात होतो.

मग थोरली परत आली. नोकरी संपली होती, मुले आपापल्या वाटेला लागली होती, नवरा राहिला नव्हता. "आता दोघी बरोबरच राहू," ती म्हणाली आणि सामान घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती शेडच्या दाराशी उभी राहिली.

"छोटे," तिने हाक मारली. धाकटीला ती अजून छोटीच म्हणत होती. "माझी करकोचा आहे गं अजून! दुरुस्त करून घेऊ या. रोज सकाळी चालवेन म्हणते. डॉक्टर म्हणालेत, सायकल चालवा, सांधे मोकळे राहतील."

"घेऊ या की ताई," धाकटी म्हणाली.

सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री आला. धाकटीच्या ओळखीचा होता, माझी पंक्चरे तोच काढायचा. त्याने करकोच्यावरचा कागद सोडला, तिला अंगणात ओढले आणि डोके खाजवले. रिमा गंजल्या होत्या, चेन घट्ट झाली होती, एक्सल फिरत नव्हता.

"मोठ्या मावशी, हिचे पार्ट आता कुठे मिळणार? कारखानाच नाही."

"मग काही उपाय नाही?"

मिस्त्रीची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी स्टँडवर उभी होते, तरी मला वाटले, आता पडणार.

"हिचे काढून तिला लावता येतील का बघतो. चाकं, चेन, एक्सल. पण खात्री नाही देत. दुकानच्या सायकली काय, कुठल्याही पत्र्याच्या शेडमध्ये बनवलेल्या. मापं जुळतीलच असं नाही."

"बघ तर," थोरली म्हणाली. "ती काय, दुकानचीच आहे." मग धाकटीकडे वळून तिने विचारले, "घेऊ ना गं? नाहीतरी तुझा गुडघा आता..."

धाकटीने माझ्या हँडलवरची पिशवी काढली, घडी केली आणि म्हणाली, "घे ताई."

मित्रांनो, मला धाकटीचा इतका राग आला की काय सांगू. आयुष्यभर ओझी वाहिली, उशी म्हणवून घेतले, आणि शेवटी माझे हातपाय काढून त्या ठेवणीतल्या बयेला लावायचे! मी दुकानची खरी, पण कोणाची तरी लेक होतेच ना? मनात एकच धावा चालला होता. मापे जुळू नयेत. कुठल्याही शेडमध्ये जन्मलेली असले तरी चालेल, पण मापे जुळू नयेत.

मिस्त्रीने माझे मागचे चाक काढले आणि करकोच्याच्या मागच्या खाचेत सरकवले. ते जाऊन बसले, घरच्यासारखे.

"अरेच्चा," मिस्त्री म्हणाला. त्याने माझे पायडल तिला लावून पाहिले. तेही बसले. "हे असं कसं? ही कोणी बनवलीय मग?"

त्याने मला उलटे केले. पायडलांच्या मधल्या जाड नळीच्या पोटाशी चिखल आणि तेल साचून कातडी झाली होती. ती त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडली. खाली ठोकून उमटवलेले इंग्रजी आकडे निघाले.

"नंबर आहे, नाव नाही. नंबरावरून काय कळणार?" तो म्हणाला.

थोरलीने चष्मा डोळ्यांवर नीट बसवला आणि वाकून पाहिले. धाकटीही वाकली. दोघींची पिकली डोकी एकमेकींना लागली. धाकटीने बोट ठेवले.

"ताई, हा पाच बघ. ह्याची वरची रेघ अर्धीच आहे."

"तुटका ठसा आहे," थोरली म्हणाली. मग ती एकदम उभी राहिली. "मिस्त्री, तिला पण उलटी कर. माझ्या सायकलीला."

करकोचा उलटी झाली. तिच्या पोटाशीही नंबर होता. आकडे वेगळे होते, पण त्यातही पाच होता. त्याचीही वरची रेघ अर्धीच उमटली होती, त्याच जागी तुटलेली.

आणि अंगणात, मिस्त्रीच्या देखत, दोघी म्हाताऱ्या बायका शाळेतल्या मुलींसारख्या एकदम ओरडल्या, "एकाच घरचे!"

मिस्त्री बावरला. त्याला बाबांचा खेळ कुठला माहीत! थोरलीने त्याला समजावून सांगितले. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "थांबा, अजून एक बघू." त्याने माझ्या बिल्ल्याच्या रिबिटा अलगद काढल्या. माझ्या बिल्ल्याची भोके डावी-उजवीकडे होती. पण बिल्ल्याखाली आणखी दोन भोके निघाली, वर-खाली, लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली. त्याने करकोच्याचा बिल्ला काढून तिथे धरला. भोकांवर भोके बसली. आणि त्या जागी, जिथे इतकी वर्षे बिल्ल्याने ऊन लागू दिले नव्हते, तिथला हिरवा पापुद्रा निघून खालचा रंग दिसला. निळा.

"कारखान्यात माल जास्त झाला असेल," मिस्त्री म्हणाला. "चारमजलीवाल्यांनी घेतला, हिरवा मारला आणि आपला बिल्ला ठोकला. मावशी, तुमची पण करकोचाच आहे हो!"

धाकटीने त्या निळ्या ठिपक्यावर बोट फिरवले. "निळीच होती," ती म्हणाली. "हिच्या आत निळाच होता."

मित्रांनो, ज्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर झुरले, ती अशी भर सकाळी कळली. मी करकोच्याची सख्खी बहीण होते. पण आनंद पुरता व्हायच्या आत मिस्त्री हात चोळत म्हणाला, "मग काय, काळजीच मिटली! हिचं सगळंच्या सगळं तिला बसणार." म्हणजे मला घराणे मिळाले ते मोडीत निघण्यासाठी.

करकोच्याच्या पोटाशी अजून गंजाचा थोडा थर होता. तो काढायला मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर लावला, आणि तो सरळ आत गेला. मुठीपर्यंत. आतून तांबडा भुगा अंगणात सांडला, आणि सांडतच राहिला.

मिस्त्रीने हलकेच विचारले, "हिची सीट कुठाय?"

"कपाटात आहे," थोरली म्हणाली. "बाबांनी काढून ठेवली होती. उंदीर कुरतडतील म्हणून."

"आणि नळीचं तोंड?"

दोघींनी शेडच्या पत्र्यातल्या भोकाकडे पाहिले. तेव्हा मला कळले, मित्रांनो. ते थेंब. ज्यांचा मी हेवा करत होते, ते थेंब तिला आतून खात होते. ती इतकी वर्षे गप्प होती ती तोऱ्याने नव्हे.

"सांगाडा गेला," मिस्त्री म्हणाला. "पण उलटं करता येईल. सांगाडा ह्या हिरवीचा, बाकी चांगलं-चुंगलं तिचं. घंटी आहे, सीट आहे. वर बिल्ला करकोच्याचा ठोकतो, निळा रंग मारतो. मोठ्या मावशी, तुमची करकोचा तयार! कोणाची छाती आहे तिला दुकानची म्हणायची?"

त्याने तो चकचकीत बिल्ला पुन्हा माझ्या कपाळावर धरला. मी किती वर्षे हे स्वप्न पाहिले होते! पण मी उलटी होते, आणि समोर ती उलटी होती, आणि तिच्या उघड्या कपाळावर दोन भोके दिसत होती. मला तो बिल्ला नकोसा झाला. तिचे काही मला नकोसे व्हायची ती पहिलीच वेळ.

थोरलीने धाकटीला विचारले, "काय करू या?"

"तुझ्या मनासारखं कर ताई."

"जन्मभर हेच म्हणत आलीस तू!" थोरली एकदम चिडली. तिचे डोळे भरून आले होते. "तुला माहीत आहे, मी किती जळायचे तुझ्यावर? बसची वाट बघत उभी असायचे, आणि तू सुसाट निघायचीस. पुढे सुट्टीत यायचे, तर तू त्या दांड्या बांधून, लाल चिंधी लावून, गावभर ओरडत. तुझी सायकल फिरायची गं. माझी नुसती पुसली जायची."

धाकटी तोंड उघडे टाकून पाहत राहिली. "आणि मी तुझ्यावर जळायचे! मला निळी हवी होती. मला उशी म्हणायच्या वर्गात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस?"

आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता थोरली पायरीवरच बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मग मिस्त्रीकडून तिने करकोच्याचा बिल्ला मागून घेतला आणि म्हणाली, "हा जिचा तिला लाव. आणि हिचे चार मजले हिला. रंग पण हिरवाच राहू दे. फक्त तो निळा ठिपका दिसू दे जरासा." मग धाकटीकडे वळून अगदी हळू विचारले, "छोटे, मला रोज सकाळी एक चक्कर देशील तुझ्या सायकलीची?"

"सीट मात्र तुझी लावू," धाकटी म्हणाली. "माझ्या सीटला पिशवी बांधलेली आहे, टोचेल तुला."

असे ठरले. कपाटातली चामड्याची सीट माझ्यावर बसली आणि करकोच्याची घंटी माझ्या हँडलवर आली. पहिल्या सकाळी थोरली माझ्यावर बसली तेव्हा हँडल लटपटत होते. धाकटी मागून कॅरिअर धरून चालत होती आणि ओरडत होती, "बाजूला व्हा रे, ताई येतेय!" कोपऱ्यावर थोरलीने ब्रेक न दाबता वळण घेतले आणि लहान मुलीसारखी किंचाळली. मीही थरथरले. ना गठ्ठे होते, ना दांड्या, तरी हे ओझे मला सगळ्यात जड वाटले.

करकोच्याला त्यांनी भंगारात दिले नाही. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, तिला भिंतीला टेकवून उभे केले आहे. येणारे-जाणारे तिलाच आधी पाहतात. "अरे वा, करकोचा!" म्हणतात. माझ्याकडे कोणी पाहत नाही. आणि हो, खरे सांगते, मला अजूनही थोडे लागते. सवय एकदम जात नाही. पण रोज सकाळी निघताना थोरली त्या खिडकीखाली घंटी वाजवते. तिचीच घंटी. ती वाजली की मला वाटते, आत ती कान देऊन ऐकत असेल, आणि आता कुठे मला तिच्याशी काहीतरी बोलावेसे वाटते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी ठेवणीतली वस्तू असेल. चिखल आहे, ऊन आहे, म्हणून कोणी ती बाहेर काढू देत नसेल. तिला बाहेर काढा. तिच्यावर ओरखडे पडू द्या, तिला धुळीत लोळू द्या, मग घरी आणून पुसा. आणि कधी सीट काढून ठेवलीच, तर नळीचे तोंड तेवढे बंद करा. हे मी माझ्यासाठी सांगत नाही. माझे बरे चालले आहे. हे मी तिच्यासाठी सांगते.